दोष आढळला नाही

त्या वर्षी कंपनीनं आमच्या भागातल्या गाडीमालकांना पत्रं पाठवली. मूळ इंग्रजी पत्राचं कोणीतरी मराठी केलं होतं आणि त्यात पत्राचे बरेच हाल झाले होते. ‘आपले वाहन सुरक्षेच्या कारणास्तव परत बोलावण्यात येत आहे,’ एवढंच काय ते वाचणाऱ्याला कळायचं. परत बोलावतात म्हणजे ओढून नेतात, असा लोकांनी सरळ अर्थ लावला. देगलूरच्या एका कापड दुकानदारानं आपली गाडी आठ दिवस मेव्हण्याच्या बंद जिनिंग मिलमध्ये लपवून ठेवली. जळकोटकडच्या एका सरपंचांनी उलटा अर्थ लावला. भर दुष्काळात गाडी धुऊन, बॉनेटला हार घालून ते वर्कशॉपात आले आणि म्हणाले, "ही घ्या तुमची. नवी कोणत्या रंगाची देऊन राहिलाव?"

दोघांची समजूत घालायचं काम माझ्याकडं आलं. मी वाघमारे, तिथला हेड मिस्तरी. लोह्याजवळच्या खेड्यातल्या आमच्या बुद्धवाड्यातून आयटीआयला गेलेला पहिला मीच. नांदेडच्या एका डीलरकडं उभी हयात गेली आणि मधली काही वर्षं त्यांच्याच उदगीरच्या शाखेत. उदगीरला कशी, तर उदगीरचा जिल्हा होणार अशी हवा होती. ही हवा दर दोन-चार वर्षांनी सुटते. लोक ऐकतात आणि चहा पितात. आमच्या शेठनी ती मनावर घेतली. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, कलेक्टरमागं साहेबलोक येणार, साहेबलोकांमागं गाड्या येणार, असं धरून त्यांनी हमरस्त्याला काचेचं वर्कशॉप बांधलं आणि वर बोर्ड लावला, ‘जिल्हा शाखा’. जिल्हा अजून आलेला नाही. बोर्ड आहे.

वर्कशॉपात सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. बोअर आटलं होतं, गाड्या धुवायचा रॅम्प कोरडा ठणठणीत. आमचे मॅनेजर घाटगे साहेब पुण्याहून आलेले. त्यांनी धुलाई बंद आहे असं कुठंही म्हटलं नाही. कोरड्या फडक्यानं गाडी पुसायला लावली आणि भिंतीवर फलक लावला, ‘आम्ही पर्यावरण जपतो’. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हे साहेबांना दाखवावं लागायचं, पण ते किती मिनिटांत बंद झालं पाहिजे हे त्यांना तोंडपाठ होतं.

आता या परत बोलावण्याचं कारण सांगतो. पेट्रोल गाडीच्या टाकीत, मागच्या सीटखाली, एक छोटा विजेचा पंप बुडवलेला असतो. तो पेट्रोल पुढं इंजिनकडं ढकलतो. काही महिने बनलेल्या गाड्यांमध्ये या पंपाचं प्लॅस्टिकचं चक्र फुगायचं आणि पंप अडकायचा. गाडी चालता चालता बंद पडायची. म्हणून सगळ्या गाड्या बोलवायच्या आणि पंप फुकट बदलून द्यायचा. याला रिकॉल म्हणतात. कंपनीची चूक कंपनीनं कबूल करण्याची ही एक सभ्य रीत आहे, आणि तिच्यात ‘चूक’ हा शब्द कुठंही येत नाही.

पंपाबरोबर एक रबरी रिंग येते. जिथं पंप नळीला जोडतो तिथं ती बसते. आपल्या भागात ज्यानं विहिरीवर मोटर बसवली आहे त्याला हे लगेच समजेल. मोटर बंद केली तरी पाइपात पाणी भरलेलं राहावं म्हणून खाली फूट व्हॉल्व्ह असतो. तो गळला की पाइप रिकामा होतो, आणि सकाळी मोटर नुसती घरघरते, पाणी काही येत नाही. गाडीचंही तसंच. रिंग सैल असली की इंजिन बंद झाल्यावर नळीतलं पेट्रोल हळूहळू टाकीतच परत जातं. बाहेर थेंब सांडत नाही, वास येत नाही, कुठं डाग पडत नाही. फक्त सकाळी गाडी लागत नाही.

आम्हाला पंप आले आणि रिंगा कमी आल्या. वरून फर्मान आलं की महिनाअखेर सगळ्या गाड्या संपल्या पाहिजेत. घाटगे साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला, रोज संध्याकाळी त्यात हिरव्या रेघा ओढायचे. मी त्यांना सांगितलं, रिंगा नाहीत. ते म्हणाले, "वाघमारे, मला प्रॉब्लेम नको, सोल्यूशन द्या." मी दिलं. माझ्या माणसांना म्हणालो, "जुनीच बसवा."

पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं भिजलेलं रबर एकदा काढलं की परत नीट बसत नाही, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला माहीत होतं. हिरवी रेघ पूर्ण झाली. केक कापला.

दोन महिन्यांनी रिंगांची खोकी आली आणि स्टोअरच्या कपाटात जाऊन बसली. तोवर कोणी त्यांची वाट पाहत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रल्हादराव बिरादार आले. शिरूर अनंतपाळचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एसटीच्या ड्रायव्हरला आपल्याकडं मामाच म्हणतात, मीही म्हणायला लागलो. शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद, त्यावर बारीक अक्षरात रोजच्या सकाळच्या नोंदी. मामींची, म्हणजे सुमनबाईंची, किडनी गेलेली होती. आठवड्यातून तीनदा लातूरला डायलिसिस. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं, संतोषनं, आईसाठी ही गाडी घेऊन दिली होती.

"रिकॉल केल्यापासून सकाळी लागंना, मिस्तरी," मामा म्हणाले. "सेल्फ घेती, फिरती, पण इंजिन उठत न्हाई. लई येळ खाती."

मी चावी फिरवली. गाडी पटकन लागली. दहा वेळा बंद केली, दहा वेळा लागली. लागणारच. शिरूरहून उदगीरपर्यंत धावून आलेली गाडी, नळी पेट्रोलनं गच्च भरलेली. हा रोग रात्रभर उभ्या गाडीचा, आणि तपासणी करत होतो आम्ही भर दुपारी. जॉबकार्डावर लिहिलं, ‘दोष आढळला नाही’. कोरडं फडकं मारून गाडी परत दिली.

चार वेळा हे झालं. दुसऱ्या वेळेला मामा म्हणाले, "एक गोष्ट लक्षात आली. चावी दोनदा नुसतीच अर्धी फिरवून थांबलं आन् मग सेल्फ मारला, तर लवकर लागती." तो माणूस मला रोगाचं नाव सांगत होता. चावी अर्धी फिरवली की पंप दोन सेकंद चालतो आणि नळी भरतो. विहिरीवरची मोटर आपण बादलीनं पाणी ओतून उठवतो तसं. मामांनी माझ्या काउंटरवर उभं राहून निदान केलं, आणि कार्डावर काय लिहिलं गेलं? ‘ग्राहकास चालू करण्याची पद्धत समजावून सांगितली’.

तिसऱ्या वेळेला चावी दोनदा अर्धी फिरवण्याचं पाचदा झालं होतं. मामा म्हणाले, "गाडी इथंच ठेवा दोन दिवस, तुमीच सकाळी बघा." घाटगे साहेबांनी नकारार्थी मान हलवली. उभी गाडी तक्त्यात लाल दिसते. शिवाय मामांना तरी दोन दिवस गाडीवाचून कुठं परवडणार? लातूरच्या सेंटरला पाणी टँकरनं यायचं. डायलिसिसला पाणी लागतं आणि तेही ढिगानं, हे मला मामांकडूनच कळलं. पाण्याच्या मापात पेशंटच्या वेळा बांधलेल्या. मामींची वेळ सकाळी सातची. चुकली की मशीन दुसऱ्याला.

चौथ्या वेळेला साहेबांनी संतोषला पुण्याला फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर. "सर, गाडी एकदम परफेक्ट आहे. तुमच्या वडिलांचं आता वय झालंय, नव्या गाड्यांची सवय नसते. होतं असं." पलीकडून संतोष म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं." मामा बाहेर बाकड्यावर बसले होते. काच बंद होती. त्यांना ऐकू गेलं नाही असं मी त्या वेळी धरून चाललो.

त्यानंतरच्या मंगळवारी मामा एसटीनं आले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. त्यांनी गाडीची चावी काउंटरवर ठेवली.

"गाडी न्या तुमची," ते म्हणाले.

"काय झालं मामा?"

"काल लागलीच न्हाई. बॅटरी बसली. ढकलायला माणसं बोलावली तर निम्मं गाव पाण्याच्या रांगेत. शेवटी टँकरवाल्याच्या केबिनीत बसवून नेलं हिला. ते दहाला पोचलो. नंबर गेला. म्हणाले आता उद्या. संध्याकाळी हिला श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं म्हणाले डॉक्टर. गावात प्यायला पाणी न्हाई, आन् हिच्या छातीत पाणी."

"आता कशा आहेत?"

"ऑक्सिजन लावला. सकाळी मशीनवर घेतलं. हाय आता." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "मिस्तरी, मी बत्तीस वर्षं एसटी चालवली. गाडी खोटं बोलत न्हाई, मीबी बोललो न्हाई. कार्डावर कामून लिवलं तसं?"

मला उत्तर होतं. तेवढ्यात घाटगे साहेब आतून आले आणि म्हणाले, "काका, टो करून पाठवा, आपण प्रायॉरिटीनं बघू." मामा चावी तिथंच ठेवून गेले.

मामी शुक्रवारी घरी आल्या. शनिवारी मी रजा टाकली. पिशवीत मामांनी ठेवून दिलेली चावी आणि पेट्रोलचा दाब मोजायचा गेज घातला, एक भरलेली बॅटरी आणि का कोण जाणे, स्टोअरमधून रिंगांचं एक पाकीट. का कोण जाणे असं लिहून गेलो, पण मला चांगलं माहीत होतं.

शिरूरला पोचलो तर मामा अंगणात बसलेले. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. मी बॅटरी बदलली, नळीला गेज लावला, इंजिन चालू करून बंद केलं. काटा वर चढलेला. आम्ही दोघं बाजेवर बसून काट्याकडं बघत राहिलो. तो खाली यायला लागला. घाई नाही, गडबड नाही, एखादा माणूस जिना उतरावा तसा. अर्ध्या तासात शून्यावर आला.

"हे काय?" मामा म्हणाले.

"तुमचं खरं होतं, ते हे."

पण सकाळची गाडी मला स्वतःच्या कानानं ऐकायची होती. मी मुक्काम केला. उजाडल्यावर मामांनी सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तीनदा. इंजिन नुसतं घरघरत होतं. तो आवाज ऐकत उभं राहणं अवघड होतं. मागं ओसरीवर मामी येऊन बसल्या होत्या, हाताला पट्टी. रोज सकाळी त्या दोघांनी हाच आवाज ऐकला होता, आणि आठवड्यातून तीनदा सातची वेळ गाठायची होती.

बॅटरीची तार काढली, मागचं सीट उचललं, झाकण उघडून पंप बाहेर काढला. रिंग काढून तळहातावर घेतली. नवी रिंग तपकिरी असते. ही काळी होती, चपटी झालेली, एका बाजूला चिरलेली. आमचीच. मी बसवायला सांगितलेली.

अशा वेळी मिस्तरी लोक एक वाक्य बोलतात, "पार्ट खराब निघाला." मी आयुष्यात ते शेकडो वेळा बोललो असेन. त्या दिवशीही ते अगदी जिभेवर आलं होतं. मामा हात पुढं करून उभे होते, रिंग बघायला. मी ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "मामा, नव्या रिंगा आल्या नव्हत्या. मी सांगितलं जुनीच बसवा. माझ्या तोंडानं सांगितलं. कंपनीची चूक पंपाची होती, ती तिनं कबूल केली. ही माझी."

मामांनी रिंग उजेडात धरून फिरवून पाहिली. बोलल्या त्या मामी.

"तुमी येक करा, वाघमारेभाऊ. गाडी दुरुस्त व्हईल. पण तुमी ह्येंला चारदा खोटं पाडलं. कागदावर. पोरगा म्हणला बाबांचं वय झालं, त्येंला जमंना. मीबी म्हणाले." त्यांना दम लागला, त्या थांबल्या. "मीबी म्हणाले, की तुमाला येईना आता. बत्तीस वर्षं ह्येंच्या हाताखालच्या गाडीला ओरखडा न्हाई. आन् मी बोलले. ते कसं दुरुस्त करता सांगा."

नवी रिंग बसवली, सगळं जोडलं. दोन तास गाडी उभी ठेवली. काटा जागचा हलला नाही. मामांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्याला लागली. कोणी हसलं नाही. मामींनी मला भाकरी आणि ठेचा वाढला, आणि मी खाली मान घालून खाल्ला.

सोमवारी वर्कशॉपात जाऊन मी त्या गाडीचं नवं कार्ड केलं. संगणकात दोषाचं कारण निवडायचं असतं. पार्टचा दोष आहे, ग्राहकाचा दोष आहे, रस्त्याचा आहे, इंधनातल्या भेसळीचा आहे. आमचा दोष असा कोडच नाही. मग मी ते हातानं लिहिलं: ‘दोष होता. जुनी रिंग आम्ही बसवली. मालकाची तक्रार पहिल्या दिवसापासून बरोबर होती.’ खाली सही, वर्कशॉपचा शिक्का. मामांना फोन करून ते वाचून दाखवलं.

घाटगे साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वाघमारे, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? हे लेखी आहे."

"म्हणूनच लिहिलंय, साहेब."

"आणि बाकीच्या गाड्या?"

"त्या सगळ्या बोलवाव्या लागतील."

रिकॉलचा रिकॉल! साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण ते हुशार होते, हे कबूल केलं पाहिजे. दोन दिवसांत त्यांनी तोड काढली. रस्त्यावर मोठा फलक लागला, ‘भव्य मोफत मान्सूनपूर्व तपासणी शिबिर’. वर काळे ढग, खाली छत्री घेतलेलं हसरं कुटुंब. जिथं चार-चार दिवस नळाला पाणी नव्हतं, तिथं आम्ही लोकांना सांगत होतो की गाडी पावसासाठी तयार करून घ्या. जळकोटचे सरपंच परत आले. फलकाकडं पाहून म्हणाले, "मिस्तरी, मान्सून कुठं हाय? आधी त्यालाच रिकॉल करा की."

लोक हसत आले आणि आम्ही एकेका गाडीचं मागचं सीट उचलत गेलो. निम्म्याहून जास्त गाड्यांना सकाळी तोच त्रास होता. कोणी म्हणालं, आम्हाला वाटलं पेट्रोलपंपवाला भेसळ करतो. कोणी म्हणालं, थंडीमुळं असेल. त्या उन्हाळ्यात, आमच्या उदगीरात, थंडी! देगलूरच्या कापडवाल्यानं तर भावाच्या हाताला गुण नाही म्हणून भावाला गाडी देणं बंद केलं होतं. एका रबरी रिंगेनं किती घरांत किती माणसं नालायक ठरवली होती, देव जाणे. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही, रिंग बदलून फक्त पाठवून दिलं. शिबिराबद्दल साहेबांना कंपनीकडून बक्षिसाची ढाल मिळाली. मला मेमो मिळाला, लेखी कार्डाबद्दल. पुढं नांदेडला बदली झाली.

त्या बदलीच्या आधीची गोष्ट. एका संध्याकाळी मामांचा फोन आला. "पोरगा आलाय पुण्याहून. गाडी विकून टाकतो म्हणून राहिला. म्हणतो, न्हाईतर तुमच्यासाठी ड्रायव्हर ठेवतो, तुमच्यानं व्हत न्हाई." मग म्हणाले, "तुमी ते कार्ड घेऊन येताव का?"

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता मी मोटरसायकलवर शिरूरला पोचलो. मामींची लातूरला जायची वेळ झाली होती. गाडी फाटकाबाहेर उभी. संतोष चावी हातात घेऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता, तिशीतला, चांगल्या घरातला वाटावा असा, वाईट मुलगा नव्हे. आईच्या काळजीनंच आलेला. मामा चार हात लांब, पाहुण्यासारखे.

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. मी म्हणालो, "संतोषराव, तुम्हाला फोन गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो. गाडी ठीक आहे म्हणाले ते खोटं होतं. वडिलांना जमत नाही, तेही खोटं. रोग काय आहे ते त्यांनी मला दुसऱ्याच खेपेला सांगितलं होतं. मला जे आयटीआयमध्ये शिकवलं ते त्यांना कानानं कळलं. न जमणारा माणूस मी होतो."

संतोषनं कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "ते ठीक आहे, पण वय तर झालंच आहे ना बाबांचं. आज मी चालवतो. आई, तू मागं आरामात बस."

मामी ओसरीवरून उतरल्या. भिंतीला धरत, एकेक पाऊल. आम्ही तिघंही पुढं झालो, त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. गाडीला वळसा घालून त्या पुढच्या डाव्या दाराशी गेल्या, दार उघडून आत बसल्या, पदर सावरला. मग काच खाली करून मुलाला म्हणाल्या,

"चावी दे त्येंच्याजवळ. उशीर होऊन राहिला. तू मागं बस."

संतोषनं चावी दिली आणि मागं बसला. मामांनी आरसा आपल्या डोळ्यांच्या मापाचा केला, सीट पुढं ओढलं, एकदा मामींकडं पाहिलं आणि गाडी लावली. धूळ बसेपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. मग त्यांचं फाटक ओढून घेतलं आणि कामावर गेलो.